पानझडी बोन्साय: मुळांपासून बारीक काड्यांपर्यंत

एखाद-दुसऱ्या झाडाची कुंडी बदलायची असेल तर फारसं डोकं लावावं लागत नाही. पण संग्रह वाढला, की हिवाळा सरताना मेपल, एल्म, हॉर्नबीम यांचे डोळे (फांदीवरच्या पालवीच्या कळ्या) पाठोपाठ फुगायला लागतात आणि आपण हाताशी असलेल्या दोन सुट्ट्यांत सगळंच उरकायला बघतो. म्हणून सुरुवात यादीपासून करायची. कात्रीची पाळी नंतर.

पानं गळून गेली की प्रत्येक झाडाचा समोरून आणि एका बाजूने फोटो काढून ठेवा. पानांचा पडदा नसताना फांद्यांची खरी मांडणी दिसते, ती वर्षभर पुन्हा दिसणार नाही. मग प्रत्येक झाडापुढे यंदा काम कशावर करायचं, तो एकच शब्द लिहायचा: मुळं किंवा फांद्या. मुळं छाटलेलं झाड वसंतात जी पहिली पानं काढतं, ती खोडात आणि जाड मुळांत साठवलेल्या अन्नावर काढतं. पुढची नवी मुळं मात्र या पानांच्या कमाईवर वाढतात. त्याच उन्हाळ्यात आपण ती पानंही कापली तर जमा थांबते आणि खर्च चालू राहतो. ट्रायडेंट मेपल आणि चिनी एल्म ही दांडगी झाडं, ती अशी चूक पोटात घालतात. जुना जपानी मेपल किंवा बीच घालत नाही. वरची एखादी फांदी वाळवून तो हिशेब चुकता करतो.

कुणाची पाळी, कुणाची नाही

‘तीन वर्षं झाली’ हे कुंडी बदलायचं पुरेसं कारण नाही. झाड काय सांगतंय ते बघा. पाणी घातल्यावर ते वर तळ्यासारखं साचून राहतं का? पूर्वी कुंडीच्या काठाखाली असलेली माती आता काठाच्या वर आली आहे का? बांबूची काडी मातीत सहज जाते, की जागोजागी अडते? पाणी झिरपायचं थांबलं असेल तर पाळी आली. तरुण, वाढीला लावलेला ट्रायडेंट एक-दोन वर्षांत कुंडी भरून टाकतो. जपानी मेपलला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. जुनी, घडलेली झाडं तीन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, सुखाने काढतात.

जुन्या झाडांच्या बाबतीत थोडी टाळाटाळ फायद्याचीच असते. मोकळी माती मिळालेलं झाड पुढच्या हंगामात सुसाट सुटतं: जाड शेंडे, मोठी पानं, दोन पेरांमध्ये लांबच लांब अंतर. कुंडीत मुळांची जराशी दाटी झालेलं झाड आखूड पेरं आणि लहान पानं देतं. काड्या बारीक हव्या असतील तर खाली मुळंही बारीक आणि दाट हवीत. त्यामुळे मुळांचं काम म्हणजे नुसती देखभाल नव्हे, झाडाला रूप देण्याची पहिली पायरी तीच आहे. लोक पानं खुडण्याच्या युक्त्या गोळा करत बसतात आणि कुंडीत खाली अंगठ्याएवढं सोटमूळ तसंच असतं.

वेळ

तारीख डोळे ठरवतात. डोळा फुगलाय, तपकिरी खवले बाजूला सरकून आतला हिरवा किंवा लालसर रंग डोकावतोय, पण पान अजून उलगडलेलं नाही, तो आठवडा-दीड आठवडा उत्तम. त्याच्या फार आधी काम केलं तर कापलेली मुळं थंड, ओल्या मातीत नुसती बसून राहतात. पानं उलगडल्यावर केलं तर कोवळ्या पानांना पाणी पुरवणारी मुळंच आपण काढून टाकलेली असतात आणि पानं माना टाकतात. एकाच जातीची, बीजापासून आलेली दोन झाडंही आठवडाभर पुढे-मागे फुगतात. त्यामुळे ‘आज सगळे मेपल’ असा घाऊक कार्यक्रम करू नका. आज जे तयार आहे ते घ्या, बाकीची उद्या-परवा पुन्हा बघा.

जिथे थंडी फारशी पडत नाही तिथे चिनी एल्म पानं पूर्ण गाळत नाही. तिथे नवी फूट दिसायच्या बेतात असताना जुनी पानं हाताने काढून हेच काम करता येतं. जपानी मेपल आणि बीच यांना मात्र हिवाळ्याची खरी विश्रांती लागते, ती नसेल तर कुंडी कितीही नीट बदलली तरी झाड वर्षागणिक खचत जातं.

मिश्रण

पानझडी झाडांना पाणी भरपूर लागतं, पण मुळांना हवाही तितकीच लागते. कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर नेहमी उरतो आणि त्याची उंची कुंडीच्या खोलीवर नव्हे तर मातीच्या कणांच्या आकारावर ठरते. उथळ कुंडीत हाच थर एकूण मातीचा मोठा हिस्सा व्यापतो. म्हणून बोन्सायमध्ये बागेतली माती चालत नाही, दाणेदार मिश्रण लागतं. दोन भाग अकादामा (जपानमधली दाणेदार माती), एक भाग प्युमिस (हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड), एक भाग लाव्हा खडी हे मेपल-एल्मसाठी भरवशाचं प्रमाण आहे. अकादामाचा दाणा पाणी धरतो आणि बारीक मुळं त्याच्या आत शिरून त्याला फोडतात. तंतुमुळांची दाट जाळी मिळते ती यामुळे. त्याचा तोटाही हाच: गोठण-वितळण होणाऱ्या हवेत तो काही वर्षांत भुगा होतो. अकादामा नसेल तर भाजलेल्या मातीचे टणक दाणे किंवा विटांची चाळलेली खडी वापरता येते, पाणी घालण्याची सवय तेवढी त्यानुसार बदलावी लागते.

काहीही वापरा, पण चाळा. लहान कुंड्यांना २ ते ४ मिलिमीटरचे दाणे, मध्यम-मोठ्यांना ३ ते ६. दोनच्या खालचा सगळा चुरा फेकून द्या. हातात घेतल्यावर बोटांना धूळ लागत असेल तर अजून चाळायचं बाकी आहे.

झाड कुंडीबाहेर

काम करायच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका. किंचित ओलसर माती सुटी होते; चिंब माती मुळांना चिकटून लगदा होतो. नवी कुंडी आधी तयार ठेवा: भोकांवर जाळी, ती तारेने पक्की, आणि झाड बांधायला दीड ते अडीच मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनियमची तार भोकांतून वर काढलेली. मुळं उघडी पडल्यावर तार शोधत फिरू नये. सगळी हत्यारं स्पिरिटने पुसून घ्या, एका झाडाचा रोग दुसऱ्याला द्यायचा नाही.

कुंडीखालच्या जुन्या तारा कापा. कुंडीच्या आतल्या कडेने लहान कोयती किंवा पातळ सुरी फिरवा. मग बुंधा धरून झाड हलकेच मागे-पुढे झुकवा. ओढू नका. ओढलं की साल खरवडते आणि मेपलची साल फार पातळ असते.

सुटलेला गोळा आडवा करून आधी तळ बघा. तळाशी मुळांची चकती झालेली दिसेल, कुंडीच्या आकाराची, गोल गोल फिरलेली. निरोगी मुळांची टोकं फिकट किंवा पांढुरकी असतात. काळी, मऊ, बोटाने दाबल्यावर साल निघून हाती येणारी मुळं सडलेली. चकतीचा खालचा थर करवतीने किंवा मोठ्या कात्रीने सरळ सपाट कापून टाका. मग लोखंडी आकडा (हुक) किंवा मुळांची फणी घेऊन बाहेरून आत यायचं. फणीचे दात बुंध्यापासून लांब जाणाऱ्या दिशेने ओढायचे, गुंतलेल्या केसांचा गुंता टोकाकडून सोडवतात तसा. मधूनमधून पाण्याचा फवारा मारा, मुळं सुकू देऊ नका. ऊन-वाऱ्यात उघडी राहिलेली तंतुमुळं काही मिनिटांत वाळतात, म्हणून हे सावलीतलं काम.

किती छाटायचं? दांडग्या तरुण झाडाची निम्मी मुळं गेली तरी चालतं, ट्रायडेंटला तर त्याहूनही जास्त चालतं. जुन्या किंवा अशक्त झाडाचं एक तृतीयांश पुरे. अशक्त झाडाची सगळी जुनी माती एकदम काढू नका. या वेळी अर्धा गोळा मोकळा करा, उरलेला पुढच्या वेळी.

नेबारी

बुंध्याशी जमिनीवर पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात. पानझडी बोन्साय जुना वाटतो तो बहुतेक हिच्यामुळे. फांद्या पुन्हा वाढवता येतात, नेबारीला मात्र अनेक वर्षं जातात. म्हणून कुंडी बदलताना जास्तीत जास्त वेळ इथे द्या.

बुंध्याभोवतीची वरची माती काडीने आणि ब्रशने हलकेच काढा, मुळं फुटतात ती पातळी दिसेपर्यंत. मग मुळांचा दर्जा ठरवायचा. सरळ खाली जाणारी जाड मुळं सगळ्यात आधी काढायची, कारण ती आडव्या मुळांचा वाटा खातात. खालून, बुंध्याच्या तळालगत, सपाट आणि धारदार छेद घ्या. कापाची कड सुरीने गुळगुळीत करा, नवी मुळं त्या कडेतूनच फुटतात. एका मुळावरून दुसरं जात असेल तर जे उलट दिशेला वळलंय ते काढा. एखादं मूळ बाकीच्यांपेक्षा फारच जाड झालं असेल तर ते बुंध्याजवळ आखूड करा, म्हणजे त्याच्या टोकाला दोन-तीन पातळ मुळं फुटतील आणि त्याचं फुगणं मंदावेल. अशक्त बारीक मुळांना हात लावायचा नाही. फांद्यांच्या बाबतीत आपण हेच करतो: दांडगटाला आवरायचं, दुबळ्याला सोडायचं.

छाटून झाल्यावर झाड सपाट फळीवर ठेवून बघा. ते स्वतःच्या बळावर उभं राहिलं तर काम बरोबर झालंय. तरुण मेपलला तळ सपाट करून फळीवर बसवायचं, मुळं चहूबाजूंनी पसरायची आणि छोट्या खिळ्यांच्या आधाराने त्यांना दिशा द्यायची, ही पद्धत जपानी बोन्सायकार एबिहारा यांच्या मेपलमुळे बोन्सायच्या जगात प्रसिद्ध झाली. फळीमुळे खाली जायची वाट बंद होते आणि काही वर्षांत मुळं एकमेकांत मिसळून बुंध्याभोवती बशी तयार होते. एखाद्या बाजूला मूळच नसेल तर त्याच जातीचं कोवळं रोप बुंध्याला चिकटवून कलम करता येतं. पण ते काम झाड पूर्ण जोरात असताना.

नव्या कुंडीत

कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, हा ठोकताळा. पानझडी झाडांना झिलईची कुंडी शोभते. पण ज्या झाडाच्या फांद्या अजून घडायच्या आहेत त्याला उथळ, नाजूक कुंडीत कोंबायची घाई कशाला? ती कुंडी शेवटची पायरी आहे.

तळाला जाड दाण्यांचा पातळ थर, त्यावर मिश्रणाचा उंचवटा. झाड त्यावर ठेवून डावी-उजवीकडे किंचित फिरवत दाबा, म्हणजे बुंध्याखाली पोकळी राहत नाही. आयताकृती किंवा लांबट कुंडीत झाड मधोमध नसतं: ज्या बाजूला मुख्य फांदी झुकते तिकडे जागा जास्त सोडा आणि मध्यरेषेच्या थोडं मागे बसवा. समोरून, डोळ्यांच्या पातळीवरून बघा. झुकाव चुकला असेल तर आत्ता दुरुस्त करा.

आता तारेने बांधायचं, पक्कं. कुंडी उचलली तर झाड हलता कामा नये. वाऱ्याने झाड डुलत राहिलं तर नव्याने फुटणारं प्रत्येक तंतुमूळ तुटतं, आणि पुष्कळदा झाड ‘लागलं नाही’ असं म्हणतात त्याचं कारण एवढंच असतं. तार जाड मुळावर रुतत असेल तर मध्ये रबराचा तुकडा घाला. मग सुकं मिश्रण टाकून काडीने मुळांमध्ये सरकवा. काडी भोसकायची नाही, जागच्या जागी हलवायची. दाणे आपोआप खाली उतरतात. दाणे खाली जायचे थांबले की भरणं पुरे.

बारीक झारीने, तळातून गढूळ पाणी येणं थांबून स्वच्छ येईपर्यंत पाणी घाला. वर स्फॅग्नम मॉसचा (पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाचा) बारीक चुरा पातळ पसरलात तर वरची मुळं सुकत नाहीत. त्यात थोडं वाळलेलं शेवाळ कुस्करून मिसळलं तर काही आठवड्यांत हिरवी चादरही मिळते.

पुढचे दोन ते चार आठवडे झाड वाऱ्यापासून आणि कडक उन्हापासून जपा, आणि रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तर आत घ्या. ताजी कापलेली मुळं गोठणं सहन करत नाहीत. ट्रायडेंटची पाणीदार मुळं तर मुळीच नाही. पानं नसलेलं झाड पाणी फार कमी ओढतं, त्यामुळे वरचा थर सुकायला लागल्यावरच पाणी. खत चार ते सहा आठवडे नाही.

वरचं काम

आता यादीतली ‘फांद्या’ लिहिलेली झाडं. इथे एक नियम सगळ्यांत महत्त्वाचा: घडलेल्या झाडाला वसंतातल्या पहिल्या पानांना कडकपणा येईपर्यंत खत द्यायचं नाही. वर्षातली सगळ्यात लांब पेरं पहिल्या फुटीतच येतात. डोळे फुटताना खत मिळालं, की त्या एका महिन्यात काड्या अशा लांबतात की पुढची दोन वर्षं त्या मागे घेण्यात जातात. वाढीला लावलेल्या झाडाला मात्र उलट, लवकर आणि भरपूर.

जपानी मेपलचा डोळा उलगडताना जवळून बघा. दोन चिमुकली पानं हात जोडल्यासारखी वर येतात, बाजूला होतात, आणि त्यांच्या बेचक्यात पुढचा शेंडा दिसतो, तांदळाच्या कणीएवढा. तो चिमट्याने तिथल्या तिथे काढायचा. एक-दोन दिवस उशीर झाला तर तोच शेंडा बोटभर लांब झालेला असतो. आधी झाडाचा माथा फुटतो, मग खालच्या फांद्या, म्हणून हे काम दोन-तीन आठवडे रोज थोडं थोडं चालतं. फायदा असा की पानांच्या देठाशी असलेले दोन डोळे जागे होतात आणि एका काडीच्या दोन होतात. पण हा झाडावर भार आहे. आतल्या, सावलीतल्या अशक्त काड्यांचे शेंडे खुडू नका, आणि त्या वर्षी कुंडी बदललेल्या झाडाला तर हातही लावू नका.

ट्रायडेंट, एल्म, झेल्कोवा, हॉर्नबीम यांना इतकं नाजूक वागवायची गरज नाही. शेंडा पाच-सहा पानांपर्यंत वाढू द्या, मग एक-दोन पानांवर कापा. एल्म आणि हॉर्नबीमची पानं एकाआड एक येतात, त्यामुळे शेवटी ठेवलेला डोळा ज्या दिशेला, तिकडेच पुढची काडी जाणार. मेपलमध्ये डोळ्यांची जोडी समोरासमोर असते आणि प्रत्येक पुढची जोडी आधीच्या जोडीशी काटकोनात येते: एक आडवी, एक उभी. आडव्या जोडीवर कापलंत तर काडी डावी-उजवीकडे दुभंगते. उभ्या जोडीवर कापलंत तर एक काडी आकाशाकडे आणि एक जमिनीकडे, दोन्ही निरुपयोगी.

एका ठिकाणाहून दोनच काड्या पुढे जाऊ द्या. तीन-चार राहिल्या तर तिथे गाठ येते, आणि एकदा फुगलेली गाठ परत बारीक होत नाही, ती फांदीच कापावी लागते. हिवाळ्यातल्या फोटोत असे सांधे लगेच दिसतात.

पानं काढण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. सगळी पानं एकदम कापण्यापेक्षा निवडून कापणं बहुतेकांना बरं. पहिली पानं कडक झाल्यावर, उन्हाळ्याच्या सुरुवातीला, जोमात असलेल्या झाडाच्या बाहेरच्या भागात प्रत्येक जोडीतलं एक पान देठ ठेवून कापा, माथ्यावर थोडी जास्त, आतली एकही नाही. उद्देश उजेड आत पोचवणं हा आहे. बाहेरचा पर्णसंभार दाट झाला की आतल्या काड्या अंधारात मरतात, आणि आत पोकळ झालेली फांदी पुढे आखूड करता येत नाही. उरलेला देठ काही दिवसांत आपोआप गळतो. बीच वर्षातून साधारण एकदाच फुटतो, त्याची पानं पूर्ण काढली तर दुसरी फूट येईलच याचा भरवसा नाही.

रोज चिमटा घेऊन बसायला वेळ नसेल तर बोन्सायकार वॉल्टर पाल यांनी रूढ केलेली कुंपण-छाटणी बघा. झाड वसंतभर मोकळं वाढू द्यायचं, पानं कडक झाल्यावर ठरवलेल्या बाह्यरेषेवर कुंपण कापावं तसं एकदम कापायचं, बारीक निवड हिवाळ्यात. मोठा संग्रह असणाऱ्याला हीच पद्धत परवडते. झाडंही जोमात राहतात.

तार पानं गळाल्यावर किंवा डोळे फुटण्याआधी घाला, आणि वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला तपासा. मेपलच्या सालीत तार फार लवकर रुतते. काढताना उलगडू नका, तुकडे करून कापा.

मोठी फांदी काढायची तर मेपलची वसंताच्या तोंडावर काढू नका, जखमेतून रस गळत राहतो. पानं गळण्याच्या सुमारास किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला काढा. अंतर्वक्र (आत वळलेल्या पात्याच्या) कटरने किंचित खोल छेद, कड धारदार सुरीने साफ, वर कटपेस्ट, म्हणजे जखम झाकायचा लेप. बारीक काड्या कापताना डोळ्याला लागून न कापता एक पेर जास्त ठेवा. जपानी मेपलची काडी कापापासून मागे वाळत येते. ती कुठवर वाळते ते दिसल्यावर उरलेला खुंट साफ करा.

गिंकोच्या जखमा नीट भरून येत नाहीत आणि त्याला बारीक काड्यांचा सोसही नाही, त्याला उभट ज्योतीचा आकार देऊन सोडून द्या. क्रॅबअ‍ॅपलचं गणित फुलांभोवती फिरतं: पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच तयार होतात, म्हणून मुख्य छाटणी फुलं गेल्या गेल्या करा. पानं गळाल्यावर गोल, जाडसर दिसतो तो फुलाचा डोळा, टोकदार तो पानाचा. लांब काड्या आखूड करायच्या त्या हे डोळे बघून. आणि फळं धरली तर थोडीच ठेवा, विशेषतः कुंडी बदललेल्या वर्षी.